माणूस कोठे आहे ते सांगा!

एखाद्या घरातील माणसास पोलिसांनी धरून नेले की, त्या घरापुढे जे अनेक प्रश्न उभे राहतात त्यांतील पहिला प्रश्न अगदी साधा असतो : आमचा माणूस या घटकेस आहे कोठे? त्याने अपराध केला आहे की नाही, त्यास जामीन मिळेल की नाही, वकील कोण द्यावयाचा, पैसा कोठून उभा करावयाचा, या साऱ्या गोष्टी त्यानंतरच्या. ज्याचा ठावठिकाणाच लागत नाही त्याच्यापर्यंत वकील तरी कसा पोहोचवावयाचा आणि औषधाची गोळी तरी कशी पाठवावयाची? तरीही या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी वृद्ध आईबापांना, बायकोला वा भावाला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात, तेथून कुठल्याशा शाखेच्या कचेरीत आणि तेथून पुन्हा पहिल्याच ठाण्यात रात्रभर येरझारा घालाव्या लागतात, हे ज्यांनी ठाण्याच्या आवारातील बाकड्यांवर बसलेली माणसे पाहिली आहेत त्यांना आम्ही सांगावयास नको. “साहेब बाहेर गेले आहेत”, “असे नाव आमच्याकडे नाही” आणि “उद्या कोर्टात या” ही तीन उत्तरे त्या बाकड्यांना पाठ झालेली आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्याकडे विसराळू माणसासाठी आहे. येथे कळसा पोलिसांच्या काखेत असतो आणि वळसा मात्र गरिबाला घालावा लागतो!

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अटक झालेल्या माणसाचा ठावठिकाणा त्याच्या घरच्यांना सांगणे हा पोलिसांचा उपकार नव्हे; ते त्यांचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. १९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेची कारणे सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे, अशी तीन बंधने राज्यसत्तेवर घातली. घटना लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी परक्या सरकारचा तुरुंगवास स्वतः भोगलेला होता. कोठडीचे दार लागल्यानंतर माणसाचे काय होऊ शकते हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. तथापि घरच्यांना कळवा, असे शब्द त्या अनुच्छेदात नाहीत. ते बंधन पुढे न्यायालयांनी घातले, आणि त्या वाटेवरील एक महत्त्वाचे पाऊल आपल्याच शहरातून उचलले गेले, ही मुंबईकरांनी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत आपणास मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये आदेश दिला की, अटक होताच पोलिसांनी त्या व्यक्तीस कोणा आप्ताला वा मित्राला कळवावयाचे ते विचारून त्यास कळवावे, आणि नजीकच्या विधी साहाय्य समितीसही त्या अटकेची खबर द्यावी. स्त्रियांसाठी चार-पाच कोठड्या वेगळ्या निवडून तेथे स्त्री-पोलिसांचाच पहारा ठेवावा, हेही त्याच निकालात सांगितले गेले. तरीदेखील अकरा वर्षांनी, जानेवारी १९९४ मध्ये, गाझियाबाद येथे जोगिंदरकुमार नावाच्या तरुण वकिलास चौकशीसाठी म्हणून पोलीस कचेरीत बोलाविण्यात आले. संध्याकाळी सोडतो, असे घरच्यांना सांगण्यात आले; संध्याकाळ गेली, आणि पुढे त्यास कोठे हलविले हेच कळेना. अखेर माणूस प्रत्यक्ष हजर करा असे फर्मावून घेण्यासाठी, म्हणजेच हेबिअस कॉर्पससाठी, सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. जो स्वतः वकील, ज्याच्या मागे धावपळ करणारे भाऊ, त्याची जर ही गत, तर नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याची काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्यानंतर १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू यांच्या अर्जावरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा नियम घालून दिले. अटकेच्या वेळीच पंचनामा करावा, त्यावर घरच्या माणसाची वा वस्तीतील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष व अटक झालेल्याची सही घ्यावी, कोणास कळविले ते दैनंदिनीत नोंदवावे, आणि आप्त परजिल्ह्यात राहात असतील तर आठ ते बारा तासांच्या आत त्यांना तारेने कळवावे, असे ते नियम. तारेची सेवा आपल्या देशात २०१३ साली बंद झाली. आज ठाण्यातील शिपायाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि खेड्यातील आईच्या पदरालाही दूरध्वनी बांधलेला आहे. ज्या कामाला १९९६ साली तारेमुळे बारा तास दिले गेले ते काम आज बारा मिनिटांत होऊ शकते. यास्तव विलंबाला सबब म्हणून काही उरलेलेच नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेने हे नियम अधिक नेमके केले आहेत. ४८ व्या कलमान्वये अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने अटकेची व ठेवलेल्या जागेची खबर आप्ताला, मित्राला वा अटक झालेला सांगेल त्या माणसाला तत्काळ द्यावयाची आहे. ती कोणास दिली याची ठाण्याच्या वहीत नोंद करावयाची आहे. आणि ती नोंद झाली आहे याची खातरजमा दंडाधिकाऱ्याने स्वतः करावयाची आहे. ३७ व्या कलमान्वये प्रत्येक ठाण्यात साहाय्यक फौजदाराहून कमी नाही अशा दर्जाचा एक अधिकारी नेमून, अटक झालेल्यांची नावे, पत्ते व आरोपाचे स्वरूप त्या ठाण्यात ठळकपणे लावावयाचे आहे. मुंबईतीलच एका मोटार-अपघाताच्या प्रकरणावरून ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले : गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत, आणि तीही फार तर दंडाधिकाऱ्यापुढे नेण्यापूर्वी दोन तास आधी. कायद्यात उणीव आहे असे आता कोणासही म्हणता यावयाचे नाही. उणीव आहे ती कायद्याचे कलम आणि ठाण्यातील बाकडे यांच्या मधल्या अंतरात.

हे अंतर किती भयंकर ठरू शकते याचा दाखला केरळाने दिलेला आहे. आणीबाणीच्या काळात, १ मार्च १९७६ रोजी, कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्यास पोलिसांनी उचलले. त्याचे वडील, प्राध्यापक ईचर वारियर, अधिकाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत एकच प्रश्न विचारीत हिंडले : माझा मुलगा कोठे आहे? त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आणीबाणीत हेबिअस कॉर्पसचे दार बंद केले होते, न्या. खन्ना यांचा एकच आवाज विरुद्ध उठला. आणीबाणी उठल्यावर १९७७ साली वारियर उच्च न्यायालयात गेले, तेव्हा आधी अटकच नाकारणाऱ्या सरकारला अखेर मुलगा पोलिसांच्या ताब्यात असतानाच मरण पावल्याचे मान्य करावे लागले आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पण बापास मुलाचा देह मिळाला नाही तो नाहीच. आम्ही प्रत्येक अटकेची तुलना या प्रकरणाशी करू इच्छीत नाही; तसे करणे अन्यायाचे होईल. परंतु माणूस कोठे आहे हे कोणासच ठाऊक नसलेले तास हेच मारहाणीचे, खोट्या कबुलीचे आणि खोट्या नोंदीचे तास असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा पत्ता घरी कळला की, आपल्यावर कोणाचे तरी लक्ष आहे हे कोठडीतील माणसाला कळते आणि कोठडीच्या किल्ल्या बाळगणाऱ्यालाही कळते.

यावर पोलिसांची बाजू आहे आणि ती ऐकून घेणे आमचे कर्तव्य आहे. ठिकाण जाहीर झाल्यास साथीदार सावध होतात, पुरावा नाहीसा होतो, जमाव ठाण्यावर चालून येतो, असे सांगण्यात येते. अपुऱ्या मनुष्यबळावर अहोरात्र राबणाऱ्या ठाणे अंमलदारास दर तासाला नातेवाइकांना उत्तरे देत बसणे कठीण, हेही खरे. परंतु कायदा तपासाची माहिती मागत नाही. तो फक्त माणसाची जागा मागतो. शिवाय ज्या अटकेची वेळ, जागा व साक्षीदार कागदावर नीट आहेत तिच्याविषयी उद्या कोणी खोटा आरोप केला तर प्रामाणिक अधिकाऱ्याचा बचाव तोच कागद करतो. जमावाचे म्हणावयाचे तर, ठाण्यापुढे जमाव गोळा होतो तो बहुधा बातमी न कळल्यामुळे. बातमी कळल्यावर माणसे वकिलाकडे जातात.

खरी फसगत होते ती ‘चौकशीसाठी नेले’ या शब्दांत. नोटीस देऊन चौकशीस बोलाविणे आणि अटक करणे या कायद्याच्या दृष्टीने दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. माणूस घरी जाऊ इच्छितो आणि त्यास जाऊ दिले जात नाही, तर ती अटकच होय, मग तिला नाव काहीही द्या. सकाळी नेलेल्या माणसाची अटक कागदोपत्री रात्री दाखविली, तर घटनेने दिलेल्या चोवीस तासांतील दिवसभराचा वेळ चोरीस गेला असे म्हटले पाहिजे. ही चोरी उघडकीस आणण्याचे साधन एकच : घरच्या माणसाने वेळीच करून ठेवलेली लेखी नोंद.

म्हणूनच ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवतो त्यांच्यासाठी येथे चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. पोलीस दारात उभे असतील तेव्हाच अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा, ठाणे वा शाखा, आणि नेण्याचे ठिकाण विचारून वेळेसह लिहून ठेवावे. पंचनाम्यावर सही मागितल्यास वाचून, तारीख व वेळ पडताळून मगच ती करावी. कोऱ्या कागदावर कदापि करू नये. ठाण्यात एकट्याने जाऊ नये, शेजारपाजारचे एखादे शहाणे माणूस सोबत घ्यावे. सर्वच ठाण्यांत कोठडी असते असे नाही, आणि स्त्रियांना तर दुसऱ्याच ठाण्याच्या कोठडीत ठेवलेले असू शकते. यास्तव ‘अटक कोणी केली?’ आणि ‘ठेवले कोठे?’ हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस नियंत्रण कक्षाकडे विचारणा करावी. तोंडी उत्तर मिळेना तर, अमुक वेळी अमुक माणसास नेले, तो कोठे आहे ते कळवावे, असा दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्यावी आणि त्याची प्रत वरिष्ठांच्या ई-मेलवर धाडावी. पोलीस पोच देण्यास कदाचित नाकारतील. ई-मेलवरील वेळ नाकारता यावयाची नाही. नेलेले मूल अठरा वर्षांखालील असेल तर त्यास कोठडीत वा तुरुंगात ठेवताच येत नाही. बाल न्याय मंडळाकडे आणि मुंबईत डोंगरीच्या निरीक्षणगृहाकडे चौकशी करावी.

वकिलास पैसा नाही म्हणून कोणी हातपाय गाळू नयेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाने कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क दिलेला आहे. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे आणि प्रत्येक जिल्ह्याच्या न्यायालयात प्राधिकरणाची कचेरी आहे. ठाण्याबाहेर वा कोर्टाच्या पायरीवर ‘साहेबांशी बोलून काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती दागिने गहाण टाकून आणलेला पैसा देण्यापूर्वी या गोष्टीची आठवण ठेवावी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपले पूर्वज सांगून गेले. पण आपला माणूस पहिल्या हजेरीला उभा राहावयाचा असेल तेव्हा ती पायरी न चढणे हाच मूर्खपणा होय. त्या हजेरीस घरच्यांनी हजर राहावे. त्यास कोणते औषध चालू आहे त्याची डॉक्टरची चिठ्ठी बरोबर न्यावी, त्यास नेले तेव्हाची खरी वेळ वकिलामार्फत सांगावी, आणि अंगावर मार असेल तर तो त्याच दिवशी दंडाधिकाऱ्यास दाखवावा. पहिल्या दिवशी न सांगितलेली जखम पुढे कोणी खरी मानीत नाही.

पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली की शोधाचा दुसरा फेरा सुरू होतो. मुंबईच्या माणसास आर्थर रोड, तळोजे, ठाणे वा कल्याण यांपैकी कोठेही धाडले जाऊ शकते. स्त्रियांना बहुधा भायखळ्यास. कोर्टाच्या कारकुनाकडून तुरुंगाचे नाव व खटल्याचा क्रमांक त्याच दिवशी लिहून घ्यावा. मुलाखतीची नोंद आता ‘ई-मुलाकात’ या सरकारी सोयीनेही करता येते. जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत राहणाऱ्यांची गोष्ट तर अधिकच दुःखाची आहे. १९७८ साली मध्य प्रदेशातील एका गरीब गवंड्याच्या भावाचा जामीन, तो परजिल्ह्यातील म्हणून नाकारला गेला, तेव्हा न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या हुकुमाची कडक शब्दांत हजेरी घेतली होती. ज्या शहरात निम्म्या कामकऱ्यांचे भाऊबंद कोकणात, मराठवाड्यात वा उत्तरेत आहेत त्या शहरातील प्रत्येक वकिलाने तो निकाल खिशात बाळगावा. जामीन होऊन सात दिवसांत बंदी सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळविलेच पाहिजे, असा ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी साहाय्य मिळू शकते. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ जणांच्या खटल्यांचा निकाल लागावयाचा होता. यांतील कित्येकांच्या घरी ही साधी माहिती पोहोचली असती तर ते आज आपल्या घरी असते.

सरकारकडे आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागी अटक झालेल्यांचा फलक मराठीत असावा, दिवसातून किमान तीनदा तो नव्याने लिहिला जावा, आणि माणूस दुसऱ्या ठाण्याच्या कोठडीत असेल तर त्या ठाण्याचे नाव त्यावर यावे. अल्पवयीनांची नावे अर्थातच वगळावीत. नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्याच फलकावर असावा. विचारणा करणाऱ्या आप्तास तारीख व वेळ घातलेली पोच मिळावी. नियंत्रण कक्षात विधी सेवा प्राधिकरणाचा एक माणूस रात्रीही बसावा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून तुरुंगात व ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवून हे काम होऊ शकते असे दाखवून दिलेलेच आहे. एका संस्थेने जे करावे ते सरकारला का साधू नये? आणि प्रत्येक दंडाधिकाऱ्याने समोर उभ्या केलेल्या माणसास भर कोर्टात एकच प्रश्न विचारावा : तुझ्या घरी कोणाला कळविले? उत्तर ‘कोणालाच नाही’ असे आल्यास पुढील कामकाजापूर्वी त्याचा जाब घेतला जावा.

राहता राहिले आपण नागरिक. पोलिसांनी नेलेल्या माणसाच्या घराकडे पाठ फिरविण्याची आपली रीत आहे. चाळीतील दारे हळूच लागतात, ओळखीचे वकीलसाहेब दूरध्वनी उचलीत नाहीत, ‘काही केल्याशिवाय का नेले?’ असे जिन्यात कुजबुजले जाते. दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. त्या रात्री त्या घरातील बाईबरोबर ठाण्यापर्यंत जाणे हे शेजाऱ्याचे काम आहे, आणि त्यासाठी नेलेला माणूस निर्दोष असावा लागत नाही. आपल्या ठाण्यात असा फलक आहे काय, त्यावर आजची तारीख आहे काय, हे प्रत्येक वाचकाने सवडीने जाऊन पाहावे आणि नसल्यास आम्हांस कळवावे. ती पत्रे आम्ही याच पृष्ठावर, ठाण्याच्या नावासह, छापू.